दुपारी परत कसं यायचं?

प्रिय काकू,

सा. न. वि. वि. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही, घातलं तर फोनवर रागवाल. पण आभार चारचौघांत मानायचेत, कारण आईवडील सहा महिने इकडे अमेरिकेत आले की त्यांना ओर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला न्यायचा बेत आखणारे आमच्यासारखे बरेच आहेत. तुमचं म्हणणं त्यांच्याही कानावर पडू दे.

जानेवारीत मैत्रिणीने तुमचा नंबर दिला तेव्हा माझ्याकडे तीन हॉटेलांचा तक्ता तयार होता. भाडं, स्विमिंग पूल, नाश्ता फुकट की विकत, सगळं होतं त्यात. तुम्ही तक्ता ऐकूनच घेतला नाहीत. विचारलंत, "आई एका दमात किती चालतात? लघवीवाटे पाणी काढणारी, ती पाण्याची गोळी कधी घेतात? अंघोळ बादलीने की शॉवरने?" मला वाटलं, हॉटेल राहिलं बाजूला, इथे केस पेपर चाललाय. मग म्हणालात, "दुपारी दीड वाजता त्या दमल्या, की खोलीवर कशा येणार?"

या प्रश्नाचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

आई ७६ वर्षांची. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं ती टाळतेय. दोन वेळा इन्सुलिन, आणि हृदयासाठीच्या त्या गोळीमुळे सकाळभर बाथरूमच्या खेपा. ह्यांनी पार्कबाहेरचं एक स्वस्त हॉटेल जवळजवळ नक्की केलं होतं. शटल फुकट, पण सकाळी एकदा नेणार आणि रात्री आणणार. "मग आपल्या गाडीने जाऊ," ह्यांचं म्हणणं. तेव्हा तुम्ही समजावलंत की मॅजिक किंगडमच्या, म्हणजे तिथल्या किल्ल्याच्या पार्कच्या, दारात गाडी जातच नाही. गाडी तळ्याच्या अलीकडे लावायची, तिथून मोनोरेल नाहीतर बोट धरायची, आणि परतताना सगळं उलट. धडधाकट माणसाला ही गंमत वाटते. दुखऱ्या गुडघ्याला नाही.

मला स्वतःला डिस्नेचंच कॅरिबियन बीच हॉटेल आवडलं होतं, फोटो बघून. तुम्ही एका वाक्यात निकाल लावलात: "खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत जायलाही तिथे बस लागेल, इतकं पसरलंय ते." शेवटी कंटेम्पररी ठरलं. १९७१ मध्ये पार्क उघडला तेव्हापासूनचं हे हॉटेल, आणि मोनोरेल त्याच्या पोटातून जाते. जाताना ती तळ्याभोवती सगळी प्रदक्षिणा घालते, पण येताना मॅजिक किंगडमनंतरचं पहिलंच स्टेशन आपलं. म्हणजे दमलेल्या माणसाच्या वाट्याला फक्त एक स्टेशन. शिवाय चालत यायचं तर दहा-पंधरा मिनिटांची सरळ वाट, व्हीलचेअर ढकलत आरामात येता येतं.

भाडं ऐकून मात्र ह्यांचा चेहरा पडला. त्यावरही तोड तुमचीच: पाच रात्रींच्या तीन करा, पण गार्डन विंगमधली स्वस्त खोली घेऊ नका, ती इमारत वेगळी, मोनोरेलच्या मुख्य इमारतीपर्यंत बाहेरून चालावं लागतं. आईला भाडं रुपयांत सांगताना आम्ही ते एक तृतीयांश करून सांगितलं. तरी ती म्हणाली, "एवढ्यात साताऱ्यात वर्षाचा किराणा येतो." खरा आकडा तिला अजून माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

फोन करून रोल-इन शॉवरची (टब नाही, काठ न ओलांडता आत जाता येतं अशी) खोली मागून घ्या, हे तुम्ही तीनदा बजावलंत. टबचा काठ ओलांडायचा म्हणजे त्या गुडघ्याला काय, हे मला तुमच्या तिसऱ्या बजावण्यानंतर कळलं. बसायला जागा, हाताशी शॉवर. आईने तरी घरून आणलेला प्लास्टिकचा मग वापरलाच. सुया टाकायचा डबाही मागितल्यावर मिळाला, इन्सुलिनला फ्रिज होताच.

आता व्हीलचेअर. पार्कात भाड्याने घेतलेली खुर्ची दाराबाहेर नेता येत नाही, आणि दारापासून खोलीपर्यंतच खरा त्रास, म्हणून तुम्ही चाळीस मिनिटं गाडी चालवत आलात आणि डिकीतून काकांची घडीची खुर्ची काढलीत. काकांच्या स्ट्रोकनंतर चार वर्षं तुम्ही त्यांना याच खुर्चीतून तिथे नेत होतात, हे तेव्हा सहज बोलून गेलात. हॉटेलांची ही सगळी माहिती कुठून आली, ते मला तिथे लॉबीत उमगलं.

आईने खुर्चीकडे बघून तोंड फिरवलं. "मी काय पांगळी झालेय?" मी वाद घालणार होते, तुम्ही डोळ्यांनीच गप्प केलंत. म्हणालात, "नका बसू. नातवाचं दप्तर आणि पाण्याच्या बाटल्या ठेवा तीवर, ढकलायला बऱ्या." आईने तासभर ती भाजीच्या गाड्यासारखी ढकलली. किल्ल्यासमोर पोहोचल्यावर दप्तर उचलून माझ्या हातात दिलं आणि काही न बोलता बसली.

तिला सगळ्यात आवडलं ते मॅजिक किंगडममधलं कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस नावाचं नाटक. वीसेक मिनिटं थंडाव्यात बसायला मिळतं हा एक भाग, पण नाटक जागच्या जागी आणि प्रेक्षकांचीच खुर्च्यांसकट फेरी, याचं तिला भारी कौतुक. साताऱ्याला फोन करून मामाला हेच सांगितलं, किल्ल्याचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी एपकॉट या डिस्नेच्याच दुसऱ्या पार्कात माझी चूक झाली. जेवणाची वेळ मी रांगेपायी पाऊण तास पुढे ढकलली. आईला घाम फुटला, मशीनवर साखर ६४. तुम्ही माझ्या पर्समध्ये कोंबलेले साखरेचे पुडे तेव्हा कामी आले. वीस मिनिटांत ती सावरली आणि दशमी-चटणी खाऊ लागली (बाहेरचं खाणं नेता येतं, हेही तुम्हीच सांगितलेलं). मला दरदरून घाम होता तो वेगळाच. दोन वाजता आम्ही खोलीवर होतो, पडदे ओढून आई घोरत होती.

पार्कातली रात्रीची आतषबाजी दिसणारी महाग खोली घेऊ नका, हॉटेलच्या चौथ्या मजल्यावरच्या गच्चीतून ती दिसते, संगीतही ऐकू येतं, असं म्हणाला होतात. तिसऱ्या रात्री शाल गुंडाळून आई तिथे बसली. मधेच उठून बाथरूमला गेली, परत आली, पुढचं पाहिलं. एवढं सोपं झालं सगळं.

ती मार्चअखेर परत गेली. जाताना गोड्या मसाल्याची एक बरणी "ओर्लँडोच्या बाईंसाठी" म्हणून बाजूला काढून ठेवलीय. पोस्टाने पाठवली तर फुटेल अशी भीती वाटते. उन्हाळ्यात तुम्ही लेकीकडे न्यू जर्सीला येणार होतात ना? तारीख कळवा, मी घेऊन येते.

तुमची,
साताऱ्याच्या आजींची लेक