नवरात्रात रंगांच्या खाली चार ओळी अर्थाच्याही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

घटस्थापना जवळ आली की तुमच्या पेपरात नऊ दिवसांचे नऊ रंग येतात, आज पिवळा उद्या हिरवा, अन् मग रोज बँकेतल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या बायकांचे एकसारख्या साड्यांमधले ग्रुप फोटो. त्याला माझा काही विरोध नाही, आमची सूनबाई पण आदल्या रात्रीच साडी काढून ठेवते, ऑफिसात मजा येते म्हणते, येऊ द्या. पण सप्तशतीच्या, म्हणजे देवीच्या पोथीच्या, तेराही अध्यायांत कोणत्या दिवशी कोणता रंग असं काही लिहिलेलं नाही, अन् जे लिहिलेलं आहे ते मात्र कोणी छापत नाही, म्हणून हे पत्र.

तसे आपल्या नागपुरात पाठ कमी होत नाहीत बाप्पा. महालात, धरमपेठेत, इकडे मानेवाड्याच्या लेआउटमध्ये, जिकडे तिकडे सप्तशती चालू असते, कोराडीला जगदंबेच्या मंदिरात अखंड ज्योती, आग्याराम देवीला पहाटेपासून लाईन. आमच्या मंदिरातही महिला मंडळाचा सामूहिक पाठ असतो अन् तिथे काय चालतं तर रेस. कवच, अर्गला, कीलक या सुरुवातीच्या स्तोत्रांपर्यंत सगळ्या सोबत असतात, मग दुसऱ्या अध्यायात महिषासुराची फौज आली की पुढच्या दोघी-तिघी एकदम स्पीड घेतात, मागच्या "पान कितवं गं?" विचारून राहिल्या असतात, अन् एखादी मधातच मोबाईलवरची पीडीएफ वर-खाली करत बसते. आरतीनंतर चर्चा कशाची, तर यंदा किती वाजता संपलं याची. दक्षिणा घेऊन पाठ करून देणारेही काही जण तासा-सव्वा तासात उरकून पुढच्या घरी निघतात, त्यांनाही काय म्हणावं, त्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

गंमत म्हणजे याच्यावरचा श्लोक पोथीच्याच सुरुवातीला पाठविधीत बऱ्याच ठिकाणी छापलेला असतो, पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथातला आहे तो. "गीती शीघ्री शिरःकम्पी तथा लिखितपाठकः। अनर्थज्ञोऽल्पकण्ठश्च षडेते पाठकाधमाः॥" म्हणजे गाणं केल्यासारखं म्हणणारा, घाई करणारा, मान डोलवणारा, लिहिलेलं पाहून वाचणारा, अर्थ न समजणारा अन् तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा, हे सहा जण वाईट पाठक. आमच्या मंडळात सहाही प्रकार एकाच सतरंजीवर सापडतील. लिहिलेलं वाचणाऱ्यांना परंपरेनेच थोडी सूट दिलीय, पुस्तकावरून वाचा पण ते हातात धरू नका, समोर आधारावर ठेवा, हातात धरलं तर फळ अर्धं. मोबाईल हातात धरला तर किती उरतं ते जाणकारांनी सांगावं.

पण मला जास्त खटकतं ते अर्थाचं. मार्कंडेय पुराणातले हे अध्याय सुरू होतात ते देवीपासून नाहीच. सुरुवात होते दोन दुखावलेल्या माणसांपासून. राजा सुरथ, ज्याचं राज्य त्याच्याच अमात्यांनी घशात घातलं, तो शिकारीच्या नावाखाली घोड्यावर बसून एकटाच जंगलात निघून जातो अन् तिथे बसून विचार कशाचा करतो तर माझ्या हत्तीला आता नीट खायला मिळत असेल का, एवढ्या कष्टाने जमवलेला खजिना ते उडवून टाकतील. दुसरा समाधी नावाचा वाणी, पैशासाठी बायको-पोरांनीच घराबाहेर काढलेला, आणि त्याला काळजी काय, तर पोरं बरी असतील नं, नीट वागत असतील नं. दोघंही मेधा ऋषींना विचारतात की आम्हाला सगळं कळतं तरी मन तिकडेच काऊन जातं. ऋषी पाखरं दाखवतात, स्वतः उपाशी असूनही पिलांच्या चोचीत दाणे भरणारी, आणि सांगतात की ही महामाया आहे, ती ज्ञानी माणसांचंही मन ओढून नेते. आता सांगा, ज्यांची पोरं पुण्याला-बंगलोरला आहेत, महिन्यातून एक फोन येतो, अशा कितीतरी जणी आमच्याच सतरंजीवर बसलेल्या असतात, आणि हा अध्याय त्या दहा मिनिटांत मागे टाकतात, आपलंच चाललंय हे कळतच नाही.

पाचव्या अध्यायातलं "या देवी सर्वभूतेषु" तर सगळ्यांना पाठ, स्पीकरवर दिवसभर असतंच (रात्री दहानंतरही असतं पण त्याच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल). त्यात देव फक्त शक्ती आणि लक्ष्मी या रूपांनाच नमस्कार करत नाहीत, झोप, भूक, तहान, लाज यांनाही करतात, आणि आईपणानंतर शेवटी भ्रांतीलाही, म्हणजे माणूस चुकतो, भुलतो ते पण तिचंच रूप. नऊ दिवस उपासाला भगर खाऊन चिडचिड करणाऱ्या घराने हे एकदा शांतपणे वाचावं असं मला वाटतं.

व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरणाऱ्या मेसेजांचं पण बोलायलाच हवं, एक अक्षर चुकलं तर घरावर संकट येईल वगैरे. उच्चार जमेल तितका शुद्ध ठेवावा, शिकून घ्यावा, हे बरोबरच आहे, पण शेवटी "यदक्षरपदभ्रष्टं मात्राहीनं च यद्भवेत्" म्हणून क्षमाप्रार्थना करतोच नं आपण, मग ती कशासाठी? आणि पूर्ण पाठ झेपत नसेल तर नुसतं मधलं चरित्र, म्हणजे दुसरा ते चौथा अध्याय, तेवढंच वाचायची मोकळीक पाठविधीतच दिलेली आहे. तीन अध्याय सावकाश, एकीने एक श्लोक म्हणायचा, दुसरीने मराठीत त्याचा अर्थ वाचायचा, असं आम्ही यंदा करायचं म्हणतो. अर्ध्या जणी नाराज आहेत, पाठ अपुरा राहतो म्हणतात, बघू.

तर विनंती एवढीच की रंगांच्या चौकटीखाली रोज त्या दिवसाच्या अध्यायाचा सोप्या मराठीत अर्थ द्यावा. सात दिवसांची वाटणी तयारच आहे, पहिल्या दिवशी पहिला, दुसऱ्या दिवशी दुसरा-तिसरा, मग चौथा, मग पाच ते आठ, नववा-दहावा, अकरावा, शेवटी बारावा-तेरावा, उरलेल्या दोन दिवसांत अर्गला आणि क्षमाप्रार्थना बसते. लिहायला माणसं शोधायला लांब जायची गरज नाही, रामटेकला कालिदासांच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ 1997 पासून आहे, तिथल्या कोणाकडून लिहून घ्या. फक्त टाइप जरा मोठा ठेवा, आमच्या मंडळात निम्म्या जणी साठीच्या पुढच्या आहेत.

आपली,
एक नियमित वाचक, मानेवाडा, नागपूर