‘घरी काही टेन्शन आहे का यांना?’

सोलापूर,
रविवार दुपार

प्रिय मालू,

तब्येतीचं आधी उरकते. छोटा हार्ट अटॅक येऊन गेला, एक स्टेंट बसवलाय, गोळ्या सुरू आहेत, शुगर ताब्यात आहे. घरात फिरते, जिना तेवढा बंद. झालं. फोनवर तुझ्या वन्संनी सांगितलं त्यातलं निम्मं खोटं आहे, घाबरू नकोस.

आता खरं सांगायचंय ते. काकूंना त्या रात्री ‘पित्त आहे, घरी न्या’ म्हणाले होते ना, तेच मला ऐकवलं. म्हणून तुलाच लिहितेय. इथे सगळे म्हणतात, वाचलीस ना, मग सोड आता.

त्या रात्री जेवणानंतर माझा जबडा दुखायला लागला. मग पाठीत, खांद्यांच्या मधोमध. मळमळ, आणि दम असा की वाक्य पुरं होईना. छातीत कळ अशी नव्हतीच. ह्यांनी रिक्षा आणली आणि जवळच्या दवाखान्यात गेलो. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर, आपल्या पोरांच्या वयाचा, डोळे झोपेने लाल झालेले. ईसीजी काढला, नॉर्मल आला. तिथून पुढे तो माझ्याशी बोललाच नाही, मालू. कॉटवर मी, आणि विचारतोय ह्यांना, ‘घरी काही टेन्शन आहे का यांना?’ ह्यांनी मान हलवली. मी म्हटलं, ‘डॉक्टर, मला विचारा ना, मी शुद्धीत आहे.’ तर म्हणाला, ‘हो काकू, शांत पडून राहा. पन्नाशीत होतं बायकांना असं.’

मला शुगर आहे हे मी सांगितलं. त्याने ऐकलं की नाही, देव जाणे.

शेजारच्या कॉटवर पूर्व भागातल्या एक आजी होत्या. विड्या वळून वळून बोटं वाकलेली. मराठी येत नव्हतं, सारख्या ‘नोप्पी, नोप्पी’ करत होत्या, आणि सिस्टर लांबूनच ‘ओरडू नका’ म्हणत होती. शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशी फडकं टाकून त्यांच्याशी तेलुगूत बोलल्या. त्याच मावशी मग माझ्याकडे वळल्या, पाठीला हात लावला आणि म्हणाल्या, ‘बाई, ब्लाउज चिंब भिजलाय तुमचा. डॉक्टरला सांगा.’ सांगितलं. तो म्हणाला, ‘सोलापूर आहे मॅडम, उकाडा आहे.’ डोक्यावर एसी चालू होता, मालू. मी थंडीने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती.

पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. कागदावर लिहिलं, ‘अँक्झायटी’.

तू असतीस तर त्या पोराला कडक भाकरीसारखा मोडला असतास, मला खात्री आहे. गड्ड्याच्या जत्रेत फोटोवाल्यावर चढली होतीस तशी. मी तुला ओढून नेलं म्हणून केवढा अबोला धरला होतास! (फोटोवाल्याची चूक नव्हतीच. हे मी अजूनही म्हणते.) मला आवाज चढवता येत नाही, पण मी सांगत होते. नीट, मुद्द्याने, पुन्हा पुन्हा सांगत होते. हळू बोलणाऱ्या माणसाचं दुखणं खोटं असतं का गं?

पहाटे परत तसंच झालं. भावजींनी गाडी काढली आणि दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. ‘दुखायला सुरुवात कुठून झाली? तुम्ही सांगा.’ एवढ्यानेच मला रडू फुटलं. परत ईसीजी काढला, तो बदललेला होता. ट्रोपोनिन वाढलेलं, म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते. नंतर त्यांनी समजावलं की पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदय ठीक असं नसतं, त्रास चालू असेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढायचा असतो. ट्रोपोनिनही रक्तात चढायला काही तास लागतात, म्हणून तेही दोनदा बघायचं. बायकांना, त्यातून शुगर असली तर, छातीत कळ न येता जबडा, पाठ, दम, मळमळ, घाम असंच होऊ शकतं. म्हणजे मी त्या पोराला जे जे सांगितलं, ते सगळं.

हे म्हणतात, कुठे नादाला लागतेस, तिथे गर्दी किती होती बघितलंस ना. बघितली. तो एकटा होता, सोबतीला एकच सिस्टर, हेही बघितलं. त्याला नोकरीवरून काढा असं मला म्हणायचंच नाही. पण त्याने घरी पाठवलेल्या बाईचं पुढे काय झालं, हे त्याला कोण सांगणार? उद्या अजून एखादी बाई जबडा धरून येईल, तिच्याही नवऱ्याला तो टेन्शनचंच विचारेल. रात्री याच विचाराने झोप लागत नाही.

म्हणून दोन गोष्टी केल्यात. केस पेपरच्या प्रती मागितल्या. काउंटरवरचा नाही म्हणत होता. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत आहे की रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत द्यायच्या. भाचीने ते छापूनच दिलं होतं, ते पुढे केल्यावर मिळाल्या. आणि दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहिलंय. दोन्ही ईसीजी जोडलेत. तुमच्या ड्युटी डॉक्टरला हे शेजारी शेजारी ठेवून दाखवा, असं लिहिलंय. आजींचंही लिहिलंय, रात्री तेलुगू-कन्नड येणारं एक माणूस तिथे बसवा म्हणून. या गावात माणसं का मिळणार नाहीत? मावशींचं नाव मात्र घातलं नाही, बिचारीला त्रास व्हायला नको. मेडिकल कौन्सिलकडे जायचं की नाही, हे त्यांचं उत्तर बघून ठरवेन. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? धाकटीचे क्लास कुठे लावले? नवी जागा हवेशीर आहे असं कळलं, बरं झालं. शेंगा चटणी भावजींबरोबर पाठवतेय, यंदा तिखट कमी घातलंय.

पत्राची प्रत सोबत आहे. तू वाच आणि जिथे मी फार मऊ लिहिलंय तिथे खूण कर, मगच टपालात टाकेन. फोन तीननंतर कर, तेव्हा हे झोपलेले असतात.

तुझी,
सुमी