अण्णांच्या हाताचा एक्स-रे

प्रिय गजा,

आम्ही सगळे बरे. तूर उभी आहे, आई तुझी आठवण काढते. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

अण्णांचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या मशीनला जोडण्यासाठी हातातल्या नसा जोडून केलेली जागा, चालेना. दुसऱ्या हातात नवा करायच्या आधी अकोल्याच्या डॉक्टरांनी त्या हाताचा एक्स-रे काढायला लावला आणि फिल्म उजेडाला धरून दाखवली. हाडांच्या बाजूनं मनगटापर्यंत दोन बारीक पांढऱ्या रेघा गेलेल्या. एरवी नस एक्स-रेत दिसत नाही रे. अण्णांची दिसत होती, कारण तिच्या भिंतीत कॅल्शियम बसलंय. मला तिथंच किडनीच्या दुखण्यात गेलेला आपला बाळूदादा आठवला.

खाऱ्या पाण्यानं किडनी गेली अन् किडनीनं माणूस नेला, असंच आपण सगळे म्हणत आलो. तू मशीनवाल्यांशी भांडलास, मी मध्ये पडलो तर होळीपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. पण दादा पहाटे छातीत कळ येऊन गेला, हे तुलाच माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, किडनीच्या पेशंटला हृदयाचा अन् नसांचा आजारच जास्त करून नेतो. किडनी फॉस्फरस बाहेर टाकत नाही, तो रक्तात साचतो. मग नसेच्या भिंतीतल्या स्नायूंच्या पेशी हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात अन् नस ताठ होते. म्हणूनच अण्णांचं बीपी वरचं १८०, खालचं ६०. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर बसूनही फॉस्फरस पुरता निघत नाही. त्यांचा ७.२ आलाय, नॉर्मल साडेचारपर्यंत असतो.

आणि गजा, माझं डोकं फिरलं ते गोळीवरून. फॉस्फरसची गोळी जेवताना घासाबरोबरच घ्यायची असते. अन्नातला फॉस्फरस ती पोटातच धरून ठेवते, पोटात अन्नच नसेल तर धरणार काय? चिठ्ठीवर नुसतं 'दिवसातून तीनदा'. अण्णा सकाळची गोळी कोऱ्या चहाबरोबर घ्यायचे. आम्हाला कोणी एक शब्द सांगितला नाही! बाळूदादाही बाजेवर पडल्या पडल्या पाण्यानं गिळायचा. तूच द्यायचास. त्यात तुझा काडीचा दोष नाही, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण वाचताच तुझ्या मनात तेच येणार.

बसलेलं कॅल्शियम काही निघत नाही म्हणे, पण पुढचं हळू करता येतं. फॉस्फरससाठीची कॅल्शियमची गोळी बंद करून त्याच कामाची सेवेलॅमर दिलीय, महाग आहे. तुरीचं वरण मापात चालेल, डाळीतला फॉस्फरस अंगाला कमी लागतो. पाकिटातल्या खाण्यात अन् कोलात वरून घातलेला जवळजवळ सगळाच लागतो, म्हणून ते आधी बंद. अण्णा डॉक्टरांना म्हणतात, "लग्नात तेवढंच तं थंडं भेटते बावा!" नर्ससुद्धा हसली.

तुझी बदली झाली का? पिंकीची बारावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार. आणि हो, आपण एकाच हापशीचं पाणी पिऊन वाढलो. किडनीसाठी बीपी, रक्तातलं क्रिएटिनीन आणि लघवीतलं प्रोटीन या महिन्यात तपासून घे. 'पाहू' म्हणू नकोस, रिपोर्टचा फोटो पाठव.

तुझा,
सुध्या