शासकीय खरेदीतील सवलतींबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये व केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करणे अपेक्षित असून, त्याअंतर्गत ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी राखून ठेवले आहेत. त्यासाठी उद्यम नोंदणी (केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरील सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी) आवश्यक आहे. ही नोंदणी विनामूल्य असल्याने दलालाला पैसे मोजण्याचे काहीच कारण नाही.

निविदा संच मोफत मिळणे आणि बयाणा रकमेतून (निविदेसोबत भरावयाच्या अनामत रकमेतून) सूट, या सवलती बहुतेकांना ठाऊक असतात. मात्र दरातील सवलतीचा विसर पडतो. सर्वांत कमी दर मोठ्या उद्योगाचा असला आणि आपला दर त्याहून १५ टक्क्यांपर्यंतच अधिक असला, तर त्या कमी दराने पुरवठा करण्याची तयारी दाखवून निविदेतील किमान २५ टक्के काम मिळू शकते; काम विभागण्याजोगे नसेल, तर पूर्ण कामही मिळू शकते. त्यामुळे आपला खरा उत्पादनखर्च आधीच काढून ठेवावा. अन्यथा मिळालेले काम तोट्यात जाईल. केवळ व्यापार करणाऱ्या सभासदांना, उद्यम नोंदणी असली तरी, या धोरणाचा लाभ मिळत नाही.

देयक ४५ दिवसांहून अधिक रखडल्यास २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार बँक दराच्या (रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या दराच्या) तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. म्हणून माल स्वीकारल्याची तारीखवार लेखी पोच अवश्य घ्यावी.