आजीला खुर्चीत बसवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही जे शिकवलंत ते संगणकावर दुसऱ्यानं घडवलेलं तयार थ्रीडी मॉडेल घेऊन रेंडर करणाऱ्या, म्हणजे त्याचं चित्र काढून घेणाऱ्या, कुणालाही उपयोगी पडेल.

खिडकीपाशी बसलेल्या आजीचं माझं चित्र एका प्रदर्शनातून परत आलं होतं. सोबत एका ओळीचं कारण: आकृती, खोली, कपडे सगळं आयतं, मग यात चित्रकाराचं काय? तुम्ही जन्मभर नाटकांची प्रकाशयोजना केलीत, थ्रीडी सॉफ्टवेअर कधी उघडलंही नाहीत. पण मॉडेल कुठून आणलं, हे तुम्ही विचारलंच नाहीत. बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणालात, "ही बाई बसलीय, की तिला कुणी तिथं ठेवलीय?"

मॉडेलसोबत मिळालेली पोझ बसण्याचीच होती, फक्त तिच्यात वजन नव्हतं. मग आपण कामाला लागलो. कंबर किंचित मागे, डावा खांदा खाली, टेकलेल्या हाताच्या बोटांवर भार, मांडीखालची गादी दबलेली. चहूकडून सारखा उजेड टाकणारं एचडीआरआय (दृश्याभोवती गुंडाळलेलं, प्रकाश देणारं छायाचित्र) तुम्ही जवळजवळ विझवायला लावलंत आणि खिडकीतून एकच मोठा, मऊ लाइट ठेवलात. अर्धा चेहरा काळोखात गेला, तसा माझा हात सावल्या उजळणाऱ्या फिल लाइटकडे वळला. तुम्ही थांबवलंत. "भिंतीवरून येईल तेवढा पुरे." आणि आलाच. पाथ ट्रेसिंग करणारी रेंडर इंजिनं पृष्ठभागावर आपटून परतणारा प्रकाशही मोजतात, त्यामुळे शालीचा लाल रंग हनुवटीखाली हलकासा उतरला. कॅमेरा मागे नेऊन लेन्स 35 वरून 85 मिलिमीटरवर आणली, तसं पुढे आलेलं नाकही जागेवर गेलं. मॉडेल तेच होतं, पण आता ती आजी कुणाची तरी वाट बघत होती.

तयार वस्तूंचा विषय निघाला की कलाकार मार्सेल ड्यूशाँचं 1917 चं युरिनल पुढं केलं जातं. मला तो दाखला इथं तोकडा वाटतो. तिथं ती वस्तू निवडून कला म्हणून मांडणं हाच मुद्दा होता, आपण तर मांडणीत, उजेडात, नजरेत बुडालेलो असतो. पिकासो जास्त जवळचा. 1912 मध्ये त्यानं वेताच्या विणीची नक्षी छापलेला ऑइलक्लॉथ (मेणकापड) थेट चित्रात चिकटवला. 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. सीट घडवली दुसऱ्याच कुणीतरी, पण तिच्यात बैल दिसला तो पिकासोला.

मिळालेली पोझ, मिळालेला उजेड, मधोमध कॅमेरा, असं रेंडर मलाही फिकंच वाटतं. पण ते फिकं पडतं कुणी काही ठरवलेलंच नसतं म्हणून. वस्तू विकतच्या होत्या हा त्यातला दोष नव्हे. हे मला इतकं स्पष्ट म्हणता येतं ते तुमच्यामुळे.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. नाटकात नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, प्रत्येकाचं नाव वेगळं जाहीर होतं, मग तुझ्या चित्राखाली का नाही, असं तुम्ही विचारलंत. तेव्हापासून आकृती, केस, कपडे, खोली ज्यांनी घडवली त्यांची नावं मी प्रत्येक चित्राखाली देतो. त्या सुरकुत्या कुणीतरी खपून कोरल्यात, त्यांचेही आभार याच पत्रात.

नव्या चित्रात दोन माणसं आहेत आणि दोघांना एकाच दिव्याचा उजेड पुरवायचाय. रेंडर झालं की घेऊन येतो. वेळ काढाल ना?

तुमचा,
एक विद्यार्थी