अकरावी ‘रेस्ट इयर’ नसते हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बोर्डाचे रिझल्ट लागायची वेळ आली की तुमच्या पुरवणीत परदेशी शिक्षणाच्या पानपानभर जाहिराती सुरू होतात, शंभर टक्के व्हिसा, फ्री काउन्सेलिंग, स्पॉट ॲडमिशन वगैरे, आणि त्या वाचून दरवर्षी माझी चिडचिड होते म्हणून यंदा शेवटी पत्र लिहायला बसले. मी डोंबिवलीजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात २६ वर्षं काढली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून, गेल्या वर्षी रिटायर झाले. मी काही करिअर गाइड नाही. पण बारावीनंतर बाहेर जाणाऱ्या पोरांचे कागद माझ्याच टेबलावरून गेलेत, त्यामुळे घोडं नेमकं कुठे अडतं ते खिडकीच्या आत बसून बघितलंय.

एक प्रसंग सांगते, दर ऑक्टोबरला थोड्याफार फरकाने तोच व्हायचा. मुलगा आणि वडील खिडकीशी. मॅडम ट्रान्स्क्रिप्ट पाहिजे, म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांचा दाखला, नववीपासून अकरावीपर्यंतचं, सीलबंद पाकिटात, आणि दोन सरांची रेकमेंडेशन लेटर, शुक्रवारपर्यंत. मी रजिस्टर काढते तर मुलगा आमचाच, पण दीड वर्षात कॉलेजची पायरी चढलेला नाही, कारण इंटिग्रेटेड. म्हणजे दिवसभर क्लासमध्ये, आमच्याकडे नुसतं नाव. (२०१८ साली सरकारने सायन्सला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली तेव्हा आम्हाला वाटलं आता सुधारेल. आमचं मशीन काही महिन्यांत बंद पडलं आणि त्यावर कुणीतरी कॅलेंडर लटकवलं.) अकरावीला मार्क बावन्न टक्के. वडील म्हणतात, अकरावीचं कोण विचारतं मॅडम, ते तर रेस्ट इयर! म्हटलं साहेब, तेच तर विचारतायत ना.

आपल्याकडे दहावीचे मार्क बघतात, बारावीचे बघतात, मग सीईटी, जेईई, नीट. नववी आणि अकरावी म्हणजे कुणाच्या खिजगणतीत नसलेली वर्षं, त्यात अकरावीच्या ॲडमिशनच्या फेऱ्या ऑगस्टपर्यंत चालतात म्हणजे अर्धी टर्म तिथेच जाते. अमेरिकेतली कॉलेजं मात्र चारही वर्षं मागतात, नववी ते बारावी, आणि मुलगा सलग कसा शिकत गेला ते बघतात. इंग्लंडचं वेगळं. तिथे फॉर्म जातो यूकॅसमधून, म्हणजे तिकडच्या विद्यापीठांची अर्जाची एकच ऑनलाइन व्यवस्था, पाच कोर्स निवडता येतात, ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलसाठी १५ ऑक्टोबर ही मुदत असते (आणि ऑक्सफर्ड-केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही, हे कित्येकांना ऐनवेळी कळतं). तेव्हा आपली बारावीची परीक्षा कुठे झालेली असते, ती फेब्रुवारीत! म्हणून ते प्रेडिक्टेड मार्क मागतात, हा मुलगा बारावीला किती पाडेल ते शिक्षकाने लिहून द्यायचं. आता ज्या सरांनी त्याचं तोंड पाहिलं नाही ते काय लिहिणार, नव्वद लिहिले तर खोटं आणि साठ लिहिले तर पालक भांडायला येणार. पुन्हा बरीच विद्यापीठं स्टेट बोर्डाला सीबीएसईपेक्षा जास्त टक्के मागतात. मला ते पटत नाही, पण आहे ते आहे.

म्हणून पहिलं सांगणं नववीतल्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना. बाहेर जायचा नुसता विचार जरी असला तरी वर्गशिक्षकांच्या कानावर घाला, नववीची मार्कशीट जपा, ती बोर्डाची नसते, शाळेत जुनं रजिस्टर सापडेलच याची खात्री नाही, आणि मराठी मीडियम असेल तर इंग्रजी भाषांतर शाळेच्या शिक्क्यासह तेव्हाच करून ठेवा. अकरावीला कॉलेजात बसा. प्रॅक्टिकलला जा, शंका विचारा, निदान दोन शिक्षकांना तुमचं नाव आणि तुमचं डोकं दोन्ही माहीत असू द्या. इंटिग्रेटेडवाल्यांना मी वाईट म्हणत नाही, आयआयटीच करायची असेल तर करा बापडे, पण तीच फी भरून वर हार्वर्डचा फॉर्मही भरू म्हणाल तर कागद तुमच्या विरुद्ध बोलतो.

रेकमेंडेशनचा तर वेगळाच बाजार. कॉमन ॲप म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन फॉर्म, त्यात शाळेच्या काउन्सेलरने भरायचा रिपोर्ट असतो. आमच्याकडे काउन्सेलर कुठला, व्हाइस प्रिन्सिपल सरच रात्री घरी बसून आपल्या मुलीच्या मदतीने तो फॉर्म भरायचे, आणि मनापासून भरायचे. पण एकदा आमच्या फिजिक्सच्या मॅडमना एका परदेशी कॉलेजचा मेल आला, तुम्ही पाठवलेलं पत्र मिळालं म्हणून. त्यांनी पत्र पाठवलंच नव्हतं! चौकशी केली तर एका एजंटाने मॅडमच्या नावाने जीमेल अकाउंट काढून स्वतःच पत्र लिहून अपलोड केलेलं, आणि पालकांना वाटत होतं की हे सगळं पॅकेजमध्ये येतं. त्या मुलाचा अर्ज आम्हालाच कळवून मागे घ्यायला लावावा लागला, मुलगा रडत होता, त्याला खरंच काही माहीत नव्हतं. तेव्हा शिक्षकाचं पत्र शिक्षकानेच पाठवायचं, शाळेच्या मेल आयडीवरून, आणि कॉमन ॲपच्या लॉगिनचा पासवर्ड मुलाकडेच पाहिजे, एजंटाकडे नाही. फ्री काउन्सेलिंग फ्री का असतं हेही विचारत जा, बऱ्याच एजंटांना विद्यापीठाकडून प्रत्येक ॲडमिशनमागे कमिशन मिळतं, मग लिस्टमध्ये कुठली नावं वर येणार ते उघड आहे.

आता निबंध. कॉमन ॲपचा जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. यूकॅसचं स्टेटमेंट ४००० अक्षरांचं, २०२६ च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागलंय. इथेही रेडीमेड माल मिळतो, पण यूकॅस प्रत्येक स्टेटमेंट आधीच्या स्टेटमेंटशी ताडून बघतं, सारखं निघालं की कॉलेजला कळवतं. आमच्या शेजारची मुलगी, तिच्या आजीचं पोळीभाजी केंद्र आहे, ही आठवीपासून तिथली उधारीची वही सांभाळायची, कोण बुडवतो, कोणाला मागायचं नाही, सगळं तिला पाठ. एजंट म्हणाला हे नको, एखादी एनजीओ जॉइन कर, सर्टिफिकेट मिळवून देतो. तिने ऐकलं नाही. कॉमन ॲपच्या फॉर्ममध्ये दहा ॲक्टिव्हिटी लिहायला जागा असते आणि त्यात घरची जबाबदारी आणि नोकरी हे प्रकार चक्क दिलेले आहेत, हे तिने स्वतः वाचलं आणि वहीवरच निबंध लिहिला. अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात बऱ्यापैकी आर्थिक मदत मिळून गेली, नाव मोठं नाही म्हणून सोसायटीत कुणी पेढे मागितले नाहीत ते सोडा.

आमचं कल्याण-डोंबिवली म्हणजे आनंदीबाई जोशींचा मुलूख. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या असताना त्यांनी फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. त्यात सरळ कबूल केलं की तुमच्या सगळ्या अटी मी पूर्ण करू शकत नाही, आणि मग डॉक्टर का व्हायचंय ते लिहिलं, की आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करतात. प्रवेश मिळाला, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. एजंटाने ते पत्र लिहिलं असतं तर पहिल्याच ओळीत पॅशन आलं असतं.

पैशाचं थोडक्यात, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. अमेरिकेत चांगल्या खासगी कॉलेजचा राहण्याखाण्यासह खर्च वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलरच्या घरात जातो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलाचा प्रवेश ठरवताना त्याला मदत लागणार का हे बघत नाहीत, बाकी बहुतेक बघतात. म्हणून पालकांनी आपण खरंच किती देऊ शकतो तो आकडा घरात बसून आधी ठरवावा, मुलासमोर. अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करायचा आणि त्यांनी घेतलं तर तिथे जावंच लागतं, त्यावर मुलाची, पालकाची आणि शाळेचीही सही असते, ती न वाचता करू नका. आणि सरकारी स्कॉलरशिपच्या भरवशावर राहू नका, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती काय किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज काय, दोन्ही मास्टर्स आणि पीएचडीसाठी आहेत, १८९२ पासूनची जे. एन. टाटा एंडोमेंट, ती खासगी, तीसुद्धा पुढच्या शिक्षणासाठीच. बारावीच्या पोराला तिथे काही नाही.

जर्मनीत फी नाही म्हणून सगळे धावतात. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत नाही हे खरं, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत, आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, शिवाय एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपले कागद तपासून जर्मन दूतावासाचं केंद्र देतं ते. आणि नुसत्या बारावीवर थेट बॅचलर्सला सहसा घेत नाहीत, इथे एक वर्ष डिग्री करा, नाहीतर जेईई ॲडव्हान्स्ड पास व्हा, नाहीतर तिकडचा वर्षभराचा पूर्वतयारीचा कोर्स, श्टुडियनकोलेग. मेडिकलला परदेशी जाणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवा की २०१८ पासून नीट पास असल्याशिवाय तिकडची डिग्री इथे चालत नाही.

नावाचा घोळ राहिलाच. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर भलताच क्रम, एखाद्याचं वडिलांचं नाव गाळलेलं, आधारला स्पेलिंग तिसरंच. पासपोर्ट दहावीतच काढा आणि जसं त्यावर नाव तसंच परीक्षेला आणि फॉर्मला लिहा. टोफेल, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांना सेंटरवर नाव जुळलं नाही म्हणून फी घालवून परत आलेली पोरं मी बघितलीत.

आणि शेवटची विनंती ऑफिसातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या वतीने. अमेरिकेच्या बऱ्याच अर्ली डेडलाइन १ नोव्हेंबरच्या असतात आणि आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्याच सुमारास येते. २०२४ मध्ये तर १ नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन होतं, एक पालक कुलूप लावलेल्या गेटवरून मला फोन करत होते, मी इकडे करंज्या तळत होते, आणि कपाटाची किल्ली शिपायाबरोबर गावाला गेली होती. ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज गणपती उठले की लगेच देऊन टाका.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त हेडक्लार्क, डोंबिवली