तक्रार कुणाकडे करायची, तेवढं तरी भिंतीवर लावा

संपादक, सप्रेम नमस्कार,

दिव्यांगांना नोकरी मिळत नाही यावर बरंच छापून येतं. मिळालेल्या नोकरीत त्रास झाला आणि आपण तक्रार केली की पुढे काय होतं, ते फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून स्वतःचाच अनुभव लिहितेय.

मी अल्पदृष्टी आहे. लोअर परळच्या एका खासगी कंपनीत बिलिंगला नऊ वर्षं झाली, रोज भांडुपहून स्लो पकडते आणि करी रोडला उतरते. कामाला एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरते, तो फुकट मिळतो, स्क्रीनवर जे आहे ते हेडफोनमध्ये वाचून दाखवतो, आणि त्याच्यावर मी सात वर्षं कुणाच्याही बरोबरीने बिलं काढली. मग कंपनीने नवीन सॉफ्टवेअर आणलं. त्यातली बटणं म्हणजे नुसती चित्रं, मागे नाव लिहिलेलंच नाही, त्यामुळे स्क्रीन रीडर फक्त "बटण, बटण, बटण" एवढंच म्हणतो, सेव्ह कुठलं आणि डिलीट कुठलं कळायला काही मार्ग नाही. आयटीवाल्या मुलाने सांगितलं की मॅडम, बनवणाऱ्या कंपनीला सांगितलं तर ते नावं टाकून देतील, फक्त तुमच्या मॅनेजरकडून रिक्वेस्ट येऊ दे. मॅनेजरला तीन वेळा तोंडी सांगितलं. ते म्हणाले, बाजारात चांगला महागडा स्क्रीन रीडर मिळतो, तो तू घे ना. अहो, पण बटणाला नावच नसेल तर महागडा तरी काय वाचणार?

शेवटी मला बिलिंगवरून काढून कुरिअरच्या नोंदी करायला बसवलं आणि वर्षाच्या अप्रेझलमध्ये लिहिलं "स्पीड कमी". इन्क्रिमेंट गेलं.

तेव्हा मी एचआरला मेल केला. चौथ्या दिवशी तेच मॅनेजर माझ्या मेलची प्रिंट हातात घेऊन माझ्या टेबलापाशी उभे, "आधी माझ्याशी बोलायचं ना." सगळा फ्लोअर ऐकत होता. ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच हातात माझा कागद! नंतर एचआरने बोलावलं, तुला एवढं सांभाळून घेतलंय, आता मेल मागे घे म्हणाले, लेखी उत्तर मात्र आजपर्यंत नाही. डबा खाताना एक मैत्रीण हळूच म्हणाली, कशाला नाव खराब करून घेतेस. ती वाईट नाही, तिलाही नोकरीची भीती आहे, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग मी कायदा वाचायला बसले, स्क्रीन रीडरवरच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, लागू झाला 19 एप्रिल 2017 पासून. त्याच्या कलम 23 प्रमाणे सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, तक्रारींचं रजिस्टर ठेवावं लागतं, नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी, आणि समाधान झालं नाही तर दिव्यांगांसाठीच्या जिल्हा समितीकडे जाता येतं. हे सगळं फक्त सरकारी नोकरीत. माझ्यासारख्या खासगीतल्या बाईला तो अधिकारीच नाही. म्हणजे कायद्यात आमच्यासाठी काहीच नाही असंही नाही बरं का. केंद्राच्या 2017 च्या नियमांत साफ लिहिलंय की 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार आली तर त्याने कारवाई सुरू करावी, नाहीतर जे केलं ते का योग्य होतं हे लेखी कळवावं. सोयीसाठी लागणारा खर्च कर्मचाऱ्यावर टाकायचा नाही हेही त्यातच आहे. दिव्यांगांना काय सोयी देणार ते लिहिलेलं समान संधी धोरण आणि त्या सोयींकडे बघणारा संपर्क अधिकारीसुद्धा हवा. नऊ वर्षांत मी यातलं काही पाहिलं नाही, आणि एचआरमधल्या मुलीला विचारलं तर तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

आमच्या पँट्रीच्या भिंतीवर लैंगिक छळाच्या तक्रार समितीचा बोर्ड आहे, सदस्यांच्या नावांसकट. 2013 च्या कायद्याने तो लावायला लावला म्हणून लागला. तिथे कुठल्याही बाईला कुणाकडे जायचं ते दिसतं. मग अपंगत्वाच्या तक्रारीसाठी तसाच बोर्ड, तशीच समिती का नको? राज्य सरकारने केंद्राकडे आग्रह धरावा की कलम 23 खासगीलाही लावा, आणि तोवर निदान एवढं तरी बघावं की 20 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात धोरण आणि संपर्क अधिकाऱ्याचं नाव लावलेलं आहे का. बोर्ड मोठ्या अक्षरांत हवा आणि तीच माहिती मेलवरही पाठवावी, नाहीतर आम्हाला वाचता कशी येणार. पहिल्या उल्लंघनाला दंड दहा हजारांपर्यंतच आहे, मोठ्या कंपनीला तो चहापाण्याचा खर्च, त्यामुळे दंडाच्या भीतीने कुणी काही करेल असं मला वाटत नाही, कुणीतरी येऊन तपासायलाच हवं.

माझ्यासारखे जे कुणी असतील त्यांना एकच सांगते, तोंडी सांगत बसू नका. पहिल्या दिवसापासून मेल करा, त्याची एक कॉपी स्वतःजवळ ठेवा, आणि अप्रेझलचा कागद मागून घ्या. माझी तीन वेळची तोंडी विनंती आज कुठेच नोंदलेली नाही, त्याचाच मला सगळ्यात जास्त पश्चात्ताप होतो.

पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे मी अर्ज पाठवलाय. नोकरी अजून तिथेच आहे आणि घर माझ्या पगारावर चालतं, तेव्हा कृपा करून नाव छापू नये.

एक वाचक, भांडुप